गाडी बंद का पडते, ते डिकीत पिकत होतं

मंडळी, जुन्या गाड्यांवर जीव असेल तर वाचा आणि हसा माझ्यावर.

माझी दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार आज पुन्हा आरे-वारेच्या चढावर बंद पडली. आठवडाभर मी वायरिंगला शिव्या घालतोय. पॉइंट घासले, कॉइल बदलली, तरी थोडी धावते की मरते.

आज रस्त्यातच प्लग काढला. ठिणगी झकास, पण प्लग कोरडा. म्हणजे पेट्रोलच येत नव्हतं! टाकीचं झाकण उघडलं, तर सूंऽ करत हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू. टाकीला हवा पुरवणारी नळी डिकीत असते, म्हणून डिकी उघडली.

आत पेंढा. पेंढ्यात हापूस! वानरांच्या भीतीने आमच्या बाबांनी आंब्याची आढी माझ्या डिकीत घातली होती, आणि नळीच्या तोंडात पेंढा गच्च बसला होता.

घरी येऊन तणतणलो. बाबांनी शांतपणे एक आंबा हुंगला.

"पेट्रोलचा वास मारतोय रे ह्याला. टाकी गळतेय तुझी. माझी आढी फुकट घालवलीस!"

बघितलं, तर खरंच गळतेय.

रत्नागिरीत पेट्रोलच्या टाकीला डाग कोण देतं, सांगाल का? सांगणाऱ्याला हापूस देईन. डिकीतले नाहीत, आईशप्पथ.