दोराची हरकत

दोरा एमेनेगर ही बाई इतकी सरळ, की बिल घरात आलं की त्याच दिवशी पोस्टात जाऊन भरायची. मुदत महिन्याची असो की दोन महिन्यांची, ते पाकीट टेबलावर पडलेलं असताना तिच्या घशाखाली सूप उतरत नसे. आमच्याकडच्या भाषेत देणं आणि पाप यांना शब्द एकच. रविवारच्या प्रार्थनेत तो शब्द आला की दोरा मान जरा जास्तच खाली घालायची. तिचं पाप ते कसलं, तर चीजच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून गुडघे झिजवले, एवढंच. गिऱ्हाईकाने सहा जातींच्या चीजची चव घेऊन काहीही न घेता पाय काढला, तरी ही हसून म्हणणार, "काही हरकत नाही!"

आता ते गुडघे बोलू लागले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चर्चजवळच्या गृहसंस्थेत तळमजल्याचं घर शरद ऋतूत रिकामं होणार होतं, आणि जूनमध्ये तिथल्या मंडळींना अर्जाबरोबर वसुली कचेरीचा कोरा उतारा, म्हणजे नावावर थकबाकीची एकही नोंद नाही असा कागद, द्यायचा होता. आमच्या एमे नदीकाठी घर देताना आधी तो उतारा पाहतात, माणूस सवडीने. त्यावर एक नोंद असली की माणूस संपला. मग तुम्ही चर्चमध्ये फुलं मांडत असा नाहीतर आजारी शेजारणीला जेवण नेऊन देत असा.

दुसऱ्या मजल्यावर ब्यूल्मान राहायचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. कंपनीने त्यांना सोडलं, पण ते नियमांना सोडायला तयार नव्हते. तळघरातल्या धुलाईघराची किल्ली कुणाकडे कधी, कुणी मशीनच्या रबरात पाणी ठेवलं, कुणी जाळीतला कापूस काढला नाही, सगळ्याचा हिशेब यांच्या डोक्यात. आणि एका मंगळवारी हेच ब्यूल्मान आपले कपडे मशीनमध्ये विसरले! पाळी दोराची. तिने तासभर वाट पाहिली, दार ठोठावलं, कुणी उघडेना. मग तिने कपडे काढले, वाळवले आणि, इथेच तिचा गुन्हा घडला, घड्या घातल्या. चड्ड्यांच्यासुद्धा. चौपदरी.

"माझ्या चड्ड्यांना हात लावलात?" ब्यूल्मान जिन्यात असे ओरडले की पहिल्या मजल्यावरचं मूल रडायला लागलं.

"ओल्या राहून वास आला असता हो," दोरा म्हणाली.

"वास माझा! चड्ड्या माझ्या!"

दोराने माफी मागितली, शिवाय पेअरचा केक नेऊन दिला. ब्यूल्माननी केक ठेवून घेतला, माफी घेतली नाही, आणि सोमवारी वसुली कचेरी गाठली.

या देशात कुणीही उठावं, कचेरीत फी भरावी आणि अमकी माझं अमुक देणं लागते असं लिहून द्यावं. खरं का, असं कुणी विचारत नाही. कुत्रा पाळायचा तर त्याची कागदपत्रं दाखवावी लागतात. शेजारणीचं नाव काळं करायचं तर फी पुरते.

फेब्रुवारीत पोस्टमन फ्रान्झ कचेरीचा पैसे भरण्याचा हुकूम घेऊन जिने चढून वर आला. धापा टाकत त्याने विचारलं, "एमेनेगरबाई, इथे सही. आणि हरकत आहे का?"

"छे छे, काही हरकत नाही! पाणी घेणार?"

फ्रान्झने हरकतीची चौकट रिकामी सोडली, पाणी प्यायला आणि गेला. मग दोराने चष्मा लावला. पाच हजार फ्रँक. कारण: मनस्ताप, तसेच वैयक्तिक वस्त्रांस विनापरवाना स्पर्श.

दुसऱ्या दिवशी ती बँकेतून पैसे काढून वसुली कचेरीत हजर. खिडकीपलीकडे लुस्टेनबर्गर नावाची बाई सफरचंद खात होती.

"भरायला आलेय," दोरा कुजबुजली. मागे कुणी ओळखीचं तर नाही ना, हे तिने दोनदा पाहिलं.

"तुम्ही त्यांचं देणं लागता?"

"एक दमडी नाही!"

"मग भरता कशाला?"

"नाव निघावं म्हणून."

"भरलंत तर मुळीच निघणार नाही. भरलं म्हणजे देणं होतं, असाच अर्थ. पुढची पाच वर्षं उताऱ्यावर दिसेल, एमेनेगरबाईंवर वसुली लागली आणि त्यांनी निमूट भरली."

दोराने पर्स पोटाशी धरली. आयुष्यभर ज्या चांगुलपणावर ती जगली, तोच तिला बुडवायला निघाला होता.

"दहा दिवसांत हरकत घेता येते," लुस्टेनबर्गर म्हणाली. "मग तीन महिने गप्प बसा. तोवर ते कोर्टात गेले नाहीत, तर ही नोंद बाहेरच्यांना दाखवू नका असा अर्ज करा. पोस्टमनने हरकतीचं विचारलं असेल की. काय म्हणालात?"

"काही हरकत नाही म्हणाले."

बाईने सफरचंद खाली ठेवलं. "का?"

"त्याला जिने चढून दम लागला होता. उगाच वाईट वाटलं असतं."

"आता म्हणा."

"ब्यूल्माननी मनाला लावून घेतलं तर?"

"घेऊ देत की!"

दोराचा चेहरा दात काढायला बसल्यासारखा झाला. "हरकत... आहे," ती म्हणाली, आणि सवयीने पुढे जोडलं, "माफ करा."

"माफी लिहायला जागा नाही. सही करा."

मग तीन महिने न भरता बसायचं. उपास सोपा, पण हे? बाजारात कुणी नीट पाहिलं तरी तिला वाटे, याला कळलंय. त्यातच भाऊ टोनी आला. चर्चच्या कारभारी मंडळातला, त्यामुळे सल्ला द्यायला मोकळा.

"दोरे, भर आणि मोकळी हो. आपल्या घराण्यात त्या कचेरीत कुणाचं नाव गेलं नव्हतं."

"तू भरतोस?"

टोनीला एकदम कॉफी गार होत असल्याचं आठवलं.

रात्रीच्या प्रार्थनेत दोरा ब्यूल्मानसाठीही मागणं मागायची. देवा, त्यांना सुबुद्धी दे. ती द्यायला वेळ लागत असेल, तर निदान कोर्टाची फी त्यांच्या जिवावर येऊ दे.

मे संपता संपता तिने अर्ज केला. त्यालाही फी! खोटं लिहायला फी, ते झाकायला फी. खिडकी तीच, गल्लाही तोच. कचेरीने ब्यूल्मानना कळवलं: कोर्टात गेला असाल तर वीस दिवसांत पुरावा द्या. आणि ते वीस दिवस संपतील त्याच आठवड्यात गृहसंस्थेची मुदतही सरणार होती.

अठराव्या दिवशी ब्यूल्मान स्वतः तिसरा मजला चढून आले. टाय लावून.

"एमेनेगरबाई, आपण शेजारी. पाच हजार राहू देत. पाचशे द्या, मी नोंद मागे घेतो. तुम्हाला नवीन घर हवंय म्हणे."

दोराचा हात खुंटीवरच्या पर्सकडे गेला. पाचशेत तळमजला. गुडघ्यांनी तर केव्हाच होकार दिला होता.

"तुम्ही कोर्टात गेलात?" तिने विचारलं.

"कोर्ट? भल्या माणसांनी कोर्टात जायचं?"

"म्हणजे गेला नाहीत."

ब्यूल्माननी टाय सैल केला. "तीनशे."

दोराने हात पर्सवरून काढला. इतकी वर्षं चीज विकलेली बाई ती. भाव स्वतःहून उतरू लागला की माल नासका, एवढं तिला कळत होतं.

"जपून उतरा," ती म्हणाली. "जिना आत्ताच पुसलाय." आणि दार लावून घेतलं.

गृहसंस्थेची मुदत सरायच्या दिवशी लुस्टेनबर्गरने कोरा उतारा तिच्या हातात ठेवला.

"खोडलं ना?" दोराने विचारलं.

"खोडत नाही, बाई. फक्त बाहेरच्यांना दिसत नाही."

"म्हणजे खोटं त्यांचं, आणि लपवून ठेवायचं माझ्या नावाखाली?"

"कायदा तसा आहे."

"मग कायदा करणाऱ्यांना धुलाईघर नसावं," दोरा म्हणाली आणि माफी न मागता बाहेर पडली.

घर मिळालं. सामान हलवायच्या दिवशी टोनी आणि त्याचा जावई कपाट घेऊन जिना उतरत होते, तर दुसऱ्या मजल्यावर ब्यूल्मान हाताची घडी घालून उभे.

"भिंतीला ओरखडा पडला तर वसुली लावीन! तुमच्या नावावर!"

टोनी पांढराफटक पडला. त्याने कपाटाचं एक टोक पायरीवर टेकवलं आणि खिशातून पाकीट काढलं.

"किती होतील, ब्यूल्मान?"

"टोन्या," वरून दोरा म्हणाली, "पाकीट आत घाल आणि कपाट उचल."