गाऱ्हाण्यातलं नाव
कापराचा आणि ताज्या फोडलेल्या नारळाचा वास एकत्र आला की मला मुलुंडच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते आणि अजून जीव जळतो. भाऊ कॅनडात स्थायिक झालेला, त्याची मुलगी तिथेच वाढलेली, आणि आता ती घराण्याचा इतिहास शोधत आमच्याकडे आली होती. बाबांची औषधं, अंघोळ, दवाखाना सगळं मी बघायचो, पण माझ्याशी ते दिवसभरात चार शब्द बोलत नसत. तिच्या मोबाइलपुढे मात्र थेट खापरपणजोबांपासून सुरू झाले. मग ती म्हणाली, "आजोबा, पप्पा सांगतात ते गाऱ्हाणं घाला ना!" बाबांनी लगेच देवापुढे नारळ ठेवला आणि मालवणीत घरच्यांसाठी मागणं सुरू केलं. "माझो झील सातासमुद्रापलीकडे आसा, तेका सांभाळ रे म्हाराजा!" झील म्हणजे मुलगा, माझा भाऊ. रिवाजाप्रमाणे मागून "होय म्हाराजा" म्हणायचं काम माझं. मग सुनेसाठी, नातीसाठी, अगदी तिथल्या बर्फात चालणाऱ्या त्यांच्या गाडीसाठीसुद्धा! मी दरवेळी होय म्हणत गेलो. माझं नाव आलंच नाही. नारळ फोडताना मी विचारलंच, "बाबा, आणि माझं काय?" ते म्हणाले, "तू हंयच आसस मां. लांब गेलेल्यांचा देवाक सांगूचा लागता." पोरीने तेही रेकॉर्ड केलं आणि म्हणाली, "सो स्वीट, काका!" आता बाबा नाहीत, गाऱ्हाणं मीच घालतो. भावाचं नाव घेतो, पण सगळ्यांच्या शेवटी. आणि गाडीचं तर घेतच नाही.