सांडेपर्यंत तेल

कामतघरला आमचे लूम होते तेव्हा तेल घालायचा नियम एकच होता: सांडलं की थांबायचं. वडील बुधली घेऊन शेडमधून फिरायचे आणि फिरणाऱ्या प्रत्येक सांध्यात तेल ओघळेपर्यंत सोडायचे. कापडाला डाग पडतो म्हणून कारागीर कुरकुरायचे. वडील म्हणायचे, "डाग धुऊन निघतो. जळलेला सांधा निघतो का धुऊन?" पुढे लूम भंगारात गेले, शेडला कुलूप लागलं, पण ते शिक्षण माझ्या हातात राहिलं. ते कुठे उपयोगी पडेल याची मी वाट बघत होतो म्हणा ना.

ते उपयोगी पडलं बायकोच्या गाडीवर.

गाडी जुनी, सेकंडहँड, पण ऑटोमॅटिक. माळ्यावरून पडल्यापासून बायकोचा डावा घोटा नीट वाकत नाही. क्लच दाबता येत नाही, स्कूटर सावरता येत नाही. जवळच्या पूर्णा गावात एका गोदामाच्या डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल रवाना करायच्या खात्यात, ती कामाला आहे, आणि तिथे तिला रोज मी स्कूटरवर मागे बसवून सोडायचो. ती तयार होऊन पायरीवर बसलेली, आणि मी चहा संपवतोय. ऑटोमॅटिक आली आणि हे संपलं. सुरुवातीला ती सांगून जायची, इतक्या वाजता येते म्हणून. मग सांगायचंही सोडलं. सुट्टीच्या दिवशी किल्ली उचलायची आणि निघायचं. मी जरा कुरकुरलो. खोटं कशाला बोलू, बराच कुरकुरलो.

मग गाडी गिअर बदलताना झटके द्यायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, गिअरचं तेल काळं पडलंय, मशीन लावून फ्लश करतो, आठवडाभर ठेवा.

"आठवडाभर मी परत तुमच्या मागं?" बायको म्हणाली.

तिचं तोंड बघून मला ती रोज सकाळची पायरी आठवली. म्हटलं, "ठेवायची गरजच नाही. रविवारी मी घरी करतो. मशीन ते मशीन."

रविवारी शेडसमोर गाडी ओंडक्यांवर चढवली, खाली घमेलं लावलं आणि बोल्ट सोडला. तेलाची पहिली धार माझ्या बाहीत गेली. समोरच्या शेडमधले चाचा, आमच्याकडे पूर्वी कारागीर होते, ते बिडी घेऊन बघायला आले.

"क्या सेठ, गाडी का खून निकाल रहे हो?"

"चाचा, देखते रहो."

त्यांनी खरंच बघितलं. मी गाडीखालून सरपटत बाहेर आलो ते थेट घमेल्याला लाथ मारत. सगळं काळं तेल गल्लीत पसरलं. किती निघालं होतं ते गल्लीला माहीत. मी त्यावर माती टाकली आणि गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्समध्ये जेवढं तेल मावतं असं लिहिलं होतं, तेवढं सगळं नवं तेल नरसाळ्याने ओतलं. बोल्ट सोडला की अर्धंअधिक तेल आतच बसून राहतं, हे मला माहीत नव्हतं. तेलाची मोजपट्टी बाहेर काढली तर तेल वरच्या खुणेच्या चार बोटं वर. मला वडील आठवले. समाधान वाटलं.

सोमवारी सकाळी बायकोचा फोन. "अहो, धामणकर नाक्यावर हाय. गाडी ओरडते, पुढं जात न्हाय. खालून धूर येतोय."

मी पोचलो तेव्हा तिच्यामागे शेअर रिक्षांची रांग, आणि एक रिक्षावाला खिडकीत वाकून सांगतोय, "ताई, गिअर टाका ना!"

"ऑटोमॅटिक हाय बाबा. टाकायला काय न्हाय."

चौघांनी मिळून गाडी बाजूला ढकलली. ती उतरली आणि धुराकडे बघत म्हणाली, "तेल निघालं किती होतं?"

"घमेलं लवंडलं."

"आणि भरलं किती?"

"सगळं."

ती माझ्या स्कूटरवर चढली. पूर्णापर्यंत माझ्या मागे बसली, पण आमच्या दोघांमध्ये तिने पर्स ठेवली होती. गेटवर उतरताना म्हणाली, "आमच्याकडं ट्रक आत येताना वजनाचा काटा करतात, भायेर जाताना काटा करतात. आणि तुमी..." मग आवाज खाली आणून, "गिअरबॉक्स गेला असंल तर दुसरी गाडी आपल्याला परवडायची न्हाय. ठाऊक हाय मला."

दिवसभर मला तेच ऐकू येत होतं. माझ्याकडून तेल सांडलं होतं, बाही खराब झाली होती, हे सगळं सांगून हसवता येण्यासारखं होतं. पण रोज सकाळी मी चहा संपवेपर्यंत पायरीवर बसणं, हे मी तिला परत दिलं असतं, तेही स्वतःच्या हाताने, तिच्यासाठीच म्हणून.

संध्याकाळी गाडी टोइंगवाल्याने शेडसमोर आणून ठेवली. बायकोने चप्पलही बदलली नाही. स्टिअरिंगवर बसली, उजवा पाय ब्रेकवर घट्ट, आणि मला म्हणाली, "काढा. थोडं थोडं काढा." लूमच्या तेलाच्या पिंपाचा हातपंप होता, त्याची नळी मोजपट्टीच्या भोकातून आत सोडून मी तेल बाटल्यांत ओढायला लागलो. तेल कसलं, साबणाचा फेस. जास्त झालं की तेल आत घुसळतं आणि गिअर धरत नाही, हे मला तिथे डोळ्यांनी कळलं. फेस बसला तशी तिने गाडी चालू केली, गरम होऊ दिली.

"पुसा पट्टी. घाला. काय दिसतंय?"

"जास्त आहे."

"काढा."

चाचा एका बाजूला उभे. त्यांची बिडी विझली होती, पण ते ती ओढतच होते.

शेवटी तेल दोन खुणांच्या मध्ये आलं. तिने गिअरचा दांडा ओढला. गाडी क्षणभर जागेवरच थांबली. मग हलकेच सरकली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मला वाटलं, वळवून आणेल. तिने वळवली नाही, रस्त्याला लागली. मी कान देऊन ऐकत राहिलो: एक गिअर, दुसरा, तिसरा. झटका नाही. मग शेजारच्या शेडमधल्या लूमच्या खडखडाटात तो आवाज बुडाला.

"गई?" चाचांनी विचारलं.

"गई."

"कब आएगी?"

"बोलके नहीं गई," मी म्हणालो, आणि पंप पुसायला घेतला.