फांदी उतरवताना दोर कुणी धरला?

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काय केलं असेल, तर वालाचं बिरडं सोललं. ओटीवर बसून, मधे परात. ती चार दाणे सोलायची तोवर माझा एक, आणि त्यातला अर्धा सालाबरोबर जायचा. ती बोलली, "तुमच्या हातनं वालाचीसुद्धा धड गत लागत नाय." मग वर बघून बोलली, "ती फांदी कौलांना टेकलीय. पावसाच्या आत बुध्याला बोलवा." मी हूं केलं. रात्री तेच बिरडं खाल्लं. सकाळी तिला ताप भरला, तो उतरलाच नाही. माघ सरायच्या आत ती गेली.

हे आधी सांगून टाकलं, म्हणजे म्हातारा दुःखानं भ्रमला असं म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. पण भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. घर आमचं पळसदरीच्या अंगाला, पाठीला डोंगर. रेल्वेच्या बोगद्याकडून अवसेला एकटा आलोय... दिसलं ते कोल्हं. मास्तरांकडं मासिक येतं, त्यात लोकांचे असले अनुभव वाचून मी हसायचो. आता माझाच लिहितोय. शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

घाटात विजेचं इंजिन आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या घराला लागून रायवळ आंबा आहे, माझ्या आजाच्याही आधीचा. त्याची एक फांदी, माणसाच्या अंगाएवढी जाड, बांडगुळानं पोखरलेली. ती नेमकी सुनेच्या खोलीवर झुकलेली, आणि त्या खोलीत माझ्या नातवाची झोळी. ती फांदी वाऱ्यापावसात पडली असती तर... पुढचं लिहीत नाही.

आमच्याकडं असली कामं ठाकूरच करतात. डोंगरावरच्या वाडीतला बुध्या दरसाल यायचा. बांडगूळ छाटायचा, वाळकी काढायचा, घावावर शेणमाती लिंपायचा, म्हणजे झाडात पाणी मुरत नाही. मोठी फांदी असली की तिला दोर बांधून तो वरच्या बेचक्यातनं खाली सोडायचा. खालच्या माणसानं त्या दोराचे बुंध्याला दोन वेढे द्यायचे आणि शेंडा धरायचा. वरनं बुध्या पानांत, त्याला खालचं काही दिसत नाही. तो विचारणार, "धरला का?" खालनं जाब आला की मगच शेवटचा घाव. मग फांदी अंगणाकडं झुलते आणि खालच्यानं हळूहळू सैल सोडायचं. वेढ्यांवर भार असतो, त्यामुळं ताकद लागत नाही, धीर लागतो. म्हणून ते काम आमच्या घरात तिचं. बुध्या तिला बय म्हणायचा. ती त्याला शिव्या घालायची. दोघांचं जमायचं.

त्या साली बुध्या दिवाळीपासनं वरघाटाला लाकूडतोडीला गेला होता. परत आला तो चैत्रात. बाजारात भेटलेल्या माणसाजवळ मी निरोप धाडला, फांदी उतरवायची आहे, ये. एवढाच. ती गेल्याचं त्या माणसालाही ठाऊक नव्हतं, बुध्याला कुठनं असणार?

सकाळी मी परसात जातो तर हा वर चढलेला. डोंगराकडनं आला, सरळ झाडावर. त्याची रीतच ती. वरनं दोराचा शेंडा आला. मी वेढे दिले, धरून उभा राहिलो. ती गेल्याचं त्याला सांगावं असं मनात आलं, पण झाडावरच्या माणसाला असलं ओरडून कसं सांगणार? खाली आला की सांगू.

सुनेला मी बजावलं होतं, पोराला घेऊन शेजारी जा. तिला वाटलं वेळ आहे. ती पोराला झोळीत टाकून विहिरीवर गेली. बुध्या अजून बारीक डहाळ्याच काढत होता. तेवढ्यात आत पोर रडलं.

मी दोर सोडून आत पळालो. बुध्यानं विचारल्याशिवाय तो शेवटचा घाव घालत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आत पोराचा पाय झोळीच्या दोरीत अडकलेला. माझी बोटं जाडी, ती गाठ सुटेना. आणि डोक्यावर कडाड्कन आवाज झाला.

मी पोरावर ओणवा झालो. डोळे मिटले.

एक कौल हाललं नाही.

पोराला घेऊन बाहेर आलो. फांदी अंगणात आडवी, जणू कुणी निजवलेली. कैऱ्यासुद्धा देठाला तशाच. बुंध्यावर दोर घासल्याचा ताजा वण, आणि शेंडा खाली पडलेला. परसात चिटपाखरू नाही.

बुध्या सरसरत खाली उतरला, घाम पुसत बोलला, "झकास सोडला बयनं. बाबा, तुझ्यानं हे जमलं नसतं. बय कुठं गेली?"

मी बोललो, "कोण बय?"

"आता कोण बय! मी इचारलं, धरला का? तर बोलली, धरलाय रं मेल्या, तोड. माझा हात भरून आला, असं बोलली."

"तिचाच आवाज?"

"तिच्या शिव्या मी वळखत नाय व्हय?"

मी सांगितलं, ती माघात गेली. तो हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला, आणि खालीच बसला. "बाबा, असली मस्करी करू नको रं..." इतकंच बोलत राहिला. भाकरी न खाता, घावाला शेणमाती न लावता निघून गेला.

मी खूप विचार केला. दोर बुंध्याच्या गाठीला अडकला म्हणावं, तर फांदी अधांतरी लोंबली असती, खाली आली नसती. सून म्हणावी, तर ती त्यानंतर घागर घेऊन आली, आणि विहिरीवरच्या बायांनी तिला तिथंच पाहिलंय. बुध्या प्यालेला नव्हता. प्यालेला माणूस त्या फांदीवर टिकत नाही.

सून बोलली, "मामंजी, आत्याबाईंनी बाळासाठी केलं." मला ते गोड लागलं नाही. बाळाजवळ कोण होतं? मी होतो. मधे एक कुडाची भिंत, पलीकडं कोंबडी खाकरली तरी ऐकू येते. बुध्या वर पानांत, त्याचं विचारणं पोराच्या रडण्यात बुडालं असेल, पण ती तर भिंतीपलीकडंच. मला पोराचं रडं ऐकू आलं, फांदीचा आवाज ऐकू आला... आणि तिचा एक शब्द नाही. जन्मभर माझ्याशी भांडली, आणि गेल्यावर बोलायची वेळ आली तर ठाकराशी बोलली! ती होती की नव्हती हे मला कळत नाही. आणि होती, तर मला का नाही, हे त्याहून कळत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगावं. भगताकडं जा म्हणून कुणी सांगू नये, मी जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी वाडीवर गेलो. बुध्या यायला तयार नव्हता. मी तिथंच बसून राहिलो, तेव्हा उठला.

आंब्याखाली येऊन बोलला, "आज काय तोडायचं?"

"काय नाय. वर जा, नि कालच्यासारखं इचार."

"आणि बय बोलली तर?"

"तर तू गप बसायचं. मी बोलन."

तो चढला, पानांत दिसेनासा झाला. मी दोराला हात लावला नाही, लांब उभा राहिलो. वरनं त्याचा आवाज आला, "धरला का?"

काही आलं नाही. थोड्या वेळानं त्यानं परत विचारलं, या वेळी हळू, देवळात बोलतात तसं. मी तोंड गच्च मिटून उभा होतो. माझ्या श्वासाखाली तिचा आवाज बुडायला नको म्हणून.