मेढीकडे वळलेली चाकं

सूर्यभान मास्तरांना शांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका शाळेत ते हस्तकला शिकवीत. कानस जागेवर नसली तर ओरडत, आणि असली तर 'म्हणजे कुणी हातच लावला नाही' म्हणून ओरडत. पण बासष्ट सालच्या जानेवारीतला त्यांचा राग खरा होता.

मुख्याध्यापक वामनरावांनी सांगून टाकलं होतं, "मास्तर, संमेलनात तुमचं विमान उडालं तर कार्यशाळा राहील. नाही तर त्या खोलीत खुर्च्या ठेवू."

त्या खोलीवरचे टिन मास्तरांनी स्वतः चढून ठोकले होते. तिथं खुर्च्या!

विमान हातभर लांब, कामट्यांचं आणि पतंगाच्या कागदाचं. नाकाशी पंखा, पोटात खेळण्यातली विजेची मोटर. मैदानात मधोमध एक खांब, आणि खांबापासून विमानापर्यंत दोन बारीक तारा. बॅटरीची वीज त्याच तारांतून जायची. विमानानं तारांना बांधलेलंच खांबाभोवती गोल धावायचं आणि वेग आला की वर उठायचं. पण खालची दोन चाकं काही केल्या नीट बसत नव्हती. सायकलच्या आऱ्याचे पाय करून त्यांना चाकं लावलेली. पाय जरा वाकला की विमान भलतीकडेच पळे.

त्यात आबा आले. मास्तरांचे वडील भगवंतराव नांदगाव खंडेश्वरचे शेतकरी. ज्वारीचं खळं उरकून दाढ काढायला म्हणून आले. दाढ निघाली, आबा निघाले नाहीत.

"काहून रे सूर्या, चाकं सरळ काहून ठेवली?" अंगणात खुंटा रोवून चाललेली चाचणी बघत ते घराच्या ओट्यावरून म्हणाले. "खांबाभोवती फिराचं हाये ना त्याले? मंग तोंड मेढीकडं पायजे. खळ्यात बैल फिरतात ते पाह्यलं नाही का कधी?"

मेढ म्हणजे खळ्यातला मधला खांब. मास्तरांच्या ओठांवर पुष्कळ आलं होतं. पण शाळेला हादरवणारा हा माणूस चाळिशीला आला तरी बापापुढे तोंड उघडत नसे. त्यांनी मुकाट्यानं चाकं खांबाकडे वळवली. विमान थोडं धावलं, आत घुसलं, तारा ढिल्या पडल्या आणि ते नाकावर आपटलं. पंखा मोडला.

"अजून वळव," आबा म्हणाले.

वळवली. दुसरा पंखा मोडला.

मास्तर घरात येऊन बायकोवर कडाडले, "वच्छला, या घरात पक्कड जागेवर राहत नाही!"

"पक्कड तुमच्या हातात हाये," वच्छला पोळी उलथत म्हणाली. "आन् राग माह्यावर नाही, हे बी मले समजते. ज्याच्यावर हाये त्याले सांगा ना."

संमेलनाच्या दिवशी सगळी शाळा मैदानात गोल बसली. आबा पहिल्या रांगेत, फेटा बांधून. मास्तरांनी वीज सोडली. विमान धावलं, आत वळलं, कोलमडलं आणि तिसरा पंखा मोडला. पोरं फिदीफिदी हसली. वामनरावांनी मान वळवून कार्यशाळेकडे पाहिलं. जणू खुर्च्या किती मावतील ते बघत होते.

मास्तरांनी शेवटचा पंखा बसवला. तेवढ्यात आबा ओरडले, "मेढीकडं, सूर्या! अजून मेढीकडं!"

आणि मास्तरांना खळं आठवलं. लहानपणी ते स्वतःच तर बैल हाकत. मेढीकडे झुकणारा बैल दावं ढिलं करून खुशाल कणसं खायचा. कडेचा बैल बाहेर ओढायचा, म्हणून सगळी रांग ताणलेली राहायची. त्या आतल्या बैलापायी आबांनी त्यांना चाबकाच्या काठीनं हाणलं होतं. आणि आता तेच आबा त्याच बैलाची अक्कल शिकवीत होते!

"आबा, चूप बसा!"

मास्तरांनी पक्कड घेतली, दोन्ही चाकं खांबापासून बाहेरच्या बाजूला किंचित वळवली आणि वीज सोडली. तारा ताठ झाल्या. विमान घरघरत धावलं, उचललं गेलं आणि पोरांच्या टोप्यांवरून फेऱ्या घालू लागलं.

"मग खुर्च्या कुठं ठेवायच्या आता?" वामनराव पुटपुटले.

"तुमच्या खोलीत!" मास्तर गरजले.

दुसऱ्या दिवशी आबा निघाले. पिशवी मांडीवर घेऊन एस.टी.त बसले. मग खिडकीतून म्हणाले, "चारचौघांत बापाले चूप म्हणतं?"

"म्हणतो," मास्तर म्हणाले.

"मंग आधीच म्हणाचं होतं. तीन पंखे तरी वाचले असते."

गाडी सुटली. मास्तर पाय आपटत शाळेत आले, कार्यशाळा उघडली आणि कानस जागेवर नाही म्हणून ओरडायला लागले. पुढे रिटायर होईपर्यंत ते त्याच खोलीत ओरडत राहिले.