हिरवी राहिलेली रोपं

“बुरशी म्हणू नको वं तिले. शेवाळाच्या नात्यातली आहे ते.”

हे वाक्य मॅडम दिवसातून दोनदा तरी म्हणत, आणि म्हणताना चष्मा कपाळावर चढवत. संत्र्याच्या मुळ्या कुजवणाऱ्या फायटोफ्थोराला कोणी बुरशी म्हटलं की त्यांना घरच्या माणसाचं आडनाव चुकवल्यासारखं लागे. एकदा माझ्या डब्यातल्या चटणीला बुरशी आली म्हणून मी ओरडले, तर येऊन, नीट निरखून म्हणाल्या, “हे मात्र बुरशीच आहे.”

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी त्यांची मदतनीस होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. केस पिकतात, करार वर्षावर्षाने वाढतो, नोकरी काही कायम होत नाही.

त्यांचा सगळा जीव फायटोफ्थोराच्या एका नमुन्यात होता. कन्हानजवळच्या एका बागेतल्या मातीत पाणी घालून, वर आमिषाला लिंबाची पानं तरंगत ठेवून त्यांनी तो धरला होता. इतका जहाल नमुना पुन्हा मिळाला नाही, आणि त्या बागेत आता प्लॉट पडलेत.

त्याचा जीनोम, म्हणजे जनुकांची सगळी अक्षरमाला, वाचून झाला तेव्हा त्यांनी मला संगणकासमोर बसवलं. “मौद्याकडे जातानी पाहिलं ना? लांबवर काहीच नाही, मंग एकच घर. तसंच आहे इथं. तेच ते अक्षरं पुन्हा पुन्हा, आन् मधात हे एक जनुक.” ते जनुक झाडाचा पहारा झोपवतं, अशी त्यांची खात्री होती. तसं सिद्ध झालं तर त्याला दाद न देणारी रोपं शोधता आली असती. आधी हा नमुना रोपं मारतो हे दाखवायचं, मग ते जनुक बंद करून रोपं वाचतात का ते पाहायचं.

संत्र्याचं कलम ज्या रानटी लिंबाच्या खुंटावर बांधतात, त्या जंबेरीच्या रोपांना आम्ही नमुना टोचला. रोपं मेली नाहीत. उलट पालवी फुटली. एक उपटून मुळ्या धुतल्या, तर पांढऱ्याशुभ्र.

“काहून नाही मरून राहिलं वं एकही?” म्हणत मॅडम तिथेच खाली बसल्या आणि रडल्या. उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. नमुना अधूनमधून जिवंत पानावर सोडावा लागतो. काचेच्या बशीत आयतं खायला घातलं की रोग लावायची ताकद जाते. मला हे त्यांनीच शिकवलं होतं. पण पानावर दुसरे जंतू शिरतील, एकुलता एक नमुना हातचा जाईल, या धास्तीने त्या वर्षानुवर्षे तो बशीतून बशीत हलवत राहिल्या. मला दिसत होतं. मी बोलले नाही, याचा मला अजून राग येतो.

मग पानांवर सोडून पाहिलं, कितीदा तरी. गेलेली ताकद काही परत आली नाही. करारही वाढला नाही.

रोग टोचलेली रोपं धडधाकट असली तरी बाहेर जाऊ द्यायची नाहीत, वाफेच्या यंत्रात घालून मारायची, असा नियम. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, “मॅडम, मी करते.”

“नोको. मीच करतो.”

त्यांनी एकेक रोप कापून पिशवीत भरलं, वर नमुन्याच्या सगळ्या बश्या ठेवल्या, झाकण आवळलं. वाफ सुटली तसा व्हरांडाभर लिंबाच्या पानांचा वास पसरला. शेजारच्या खोलीतल्या बाई डोकावल्या. “काय मस्त वास सुटला! सरबत करून राहिल्या काय?”

मॅडम दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.