पुडीतला घोडा

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं, तेवढं सांभाळून घ्यावं.

पाचोऱ्याच्या बाजारातले फुटाणेवाले आबा लहान मुलांच्या एका जुन्या पुस्तकाची पानं फाडून पुड्या बांधायचे. त्या पुड्यांत मला उडता घोडा भेटला. नातवंडं झाल्यावर असलं पहिल्यांदाच वाचलं. दात नसताना दर बाजारी फुटाणे घेऊ लागले.

आबा हसायचे, "घोडा कधी उडस का, अक्का? बठ्ठं खोटं शे."

मग एका पुडीत राक्षसाने घोडा धरला. आठवडाभर माझं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. आणि पुढची पुडी निघाली वर्तमानपत्राची! लाजत विचारलं, "घोड्याचं पान?"

आबांनी मांडीखालून उरलेलं पुस्तक काढलं. "अजून राक्षसना हातमा शे. घोडा सुटी गया म्हंजे मंग फाडसू."

मागे गिऱ्हाईकं ओरडत होती.

"मोठ्यानं वाचा की," मी म्हटलं.